जड आहे म्हणून हलणार नाही, असे समजू नका : अंगणातला सिरॅमिक ग्रिल आणि तंदूर सुरक्षित कसा ठेवावा

बकरी ईदचा दिवस कसा जातो ते आपल्याला सांगायला नको. सकाळी नमाज, मग कुर्बानी, गोश्ताचे वाटे करून नातेवाईक आणि गरजूंकडे पोहोचवणे, आणि असरच्या नमाजनंतर अंगणात सीख कबाबची तयारी. पूर्वी या कामाला चार विटांवर ठेवलेली जाळी किंवा पत्र्याची शेगडी पुरायची. आता कळंब्यात प्लॉट घेऊन बांधलेल्या घरांच्या अंगणात, गच्चीवर लोखंडी पिंपात बसवलेला मातीचा तंदूर दिसतो. कुणाकडे तर आखातातून परतलेल्या भावाने हौसेने घेतलेला अंड्याच्या आकाराचा सिरॅमिक ग्रिलही असतो.

असा एक ग्रिल आमच्याही घरी आहे. एका ईदला कबाब चालू असतानाच धूर घरात येतो म्हणून आम्ही तो जरा पुढे ढकलला. झाकण उघडे होते. पुढचे चाक पेव्हिंग ब्लॉकच्या फटीत अडकले आणि एवढी जड वस्तू बघता बघता कलंडली. झाकणाचे तीन तुकडे झाले, निखारे अंगणभर पसरले. दोन मिनिटांपूर्वी तिथे घरातली मुले बसली होती. त्यांच्या चपला तिथेच राहिल्या होत्या, त्या वितळून फरशीला चिकटल्या. अल्लाहच्या कृपेने कुणाला इजा झाली नाही. त्या दिवसानंतर आम्ही या विषयाची नीट माहिती घेतली, स्टँड बदलला, जागा बदलली. इतर कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून ती माहिती इथे एकत्र देत आहोत.

ही भट्टी आहे तरी काय?

सिरॅमिक ग्रिलला 'कामाडो' असेही म्हणतात. हा जपानी शब्द आहे, त्याचा अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या मातीच्या भट्ट्या मायदेशी नेल्या. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' ही कंपनी सुरू झाली आणि हा प्रकार जगभर पसरला. तत्त्व आपल्या तंदूरचेच आहे. जाड भिंत उष्णता धरून ठेवते, खालून हवा आत येते, वरून बाहेर जाते, आणि थोड्या कोळशावर बराच वेळ भाजता येते. फरक एवढाच की याला बिजागरीवर उघडणारे जड झाकण असते.

१८ इंच जाळीचा सिरॅमिक ग्रिल साधारण ७० ते १०० किलोचा असतो. पिंपातला तंदूर तर आतली माती-वाळू धरून सहज शंभराच्या पुढे जातो. वजन एवढे, पण सिरॅमिक काय किंवा भाजलेली माती काय, दोन्ही ठिसूळ. लोखंडी शेगडी पडली तर पोचा येतो, ही भट्टी पडली तर फुटते, आणि फुटताना आतला सगळा विस्तव बाहेर टाकते.

जड वस्तू कलंडते कशी?

बहुतेक घरांत हीच गफलत होते. 'शंभर किलोची वस्तू आहे, ती काय हलणार' असे आपण म्हणतो. पण वस्तू स्थिर आहे की नाही, हे नुसत्या वजनावर ठरत नाही. पाया किती रुंद आहे आणि वजन किती उंचीवर आहे, त्यावर ते ठरते.

साधा हिशेब करून पाहू. समजा ९० किलोचा ग्रिल ६० सेंमी रुंद पायाच्या गाड्यावर बसवला आहे. मध्यापासून पायाची कड ३० सेंमीवर येते. जमिनीपासून १ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण हँडलच्या उंचीवर, आडवा धक्का दिला तर ती भट्टी कलंडायला सुमारे २७ किलोचा जोर लागतो. आता झाकण उघडा. २० किलोचे झाकण उघडल्यावर साधारण ३५ सेंमी मागे जाते, त्यामुळे सगळ्या भट्टीचा तोल ८ सेंमी मागे सरकतो. मागच्या बाजूला ३० ऐवजी २२ सेंमीच उरतात, आणि २० किलोचा जोरही पुरतो. एक चाक ३ सेंमी खचले असेल तर त्याहूनही कमी. एवढा जोर मोठ्या माणसाने हात टेकून रेलले तरी पडतो, दोन मुले पळत येऊन आदळली तरी पडतो.

तोच ग्रिल ९० सेंमी रुंद पायावर बसवला, तर झाकण उघडे असतानाही ३३ किलोच्या आसपास जोर लागेल. म्हणजे भट्टी तीच, वजन तेच, फक्त पाया दीडपट केला तर कलंडायला लागणारा जोर दीडपटीहून जास्त होतो.

अंगणात : आधी जमीन बघा

कळंब्याच्या ज्या भागात शेतजमिनीचे प्लॉट पडले, तिथे अंगणाखाली अनेकदा काळी माती असते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते पेव्हिंग ब्लॉक अंथरले तर एक-दोन पावसाळ्यांत ते वरखाली होतात. चार माणसे चालली तर ते कळत नाही, पण शंभर किलोच्या गाड्याचे चाक तिथे लगेच अडकते.

म्हणून भट्टीची जागा कायमची ठरवा आणि तेवढीच जागा पक्की करून घ्या. साधारण ४ फूट बाय ४ फूट पुरे.

– २०-२५ सेंमी काळी माती काढून टाकावी. तिथे मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने चांगला ठोकावा.
– वर १० सेंमी काँक्रीट घालावे. कडेची जमीन उतरती ठेवावी, म्हणजे पाणी साचणार नाही.
– गवंड्याला पाणसळ लावून बघायला सांगावे. अंगणाला पाणी जाण्यासाठी उतार असतो आणि असायलाही हवा, पण भट्टीखालची जागा सपाट हवी.
– पाया हलत असेल तर खाली लाकडाचा तुकडा किंवा फरशीची खपली सारू नये. लाकूड जळते, खपली फुटते. लोखंडी पट्टी सारावी, जमल्यास स्टँडलाच वेल्ड करून घ्यावी.

आपल्या आज्या तीन दगडांची चूल मांडायच्या. तीन टेकू असले की ओबडधोबड जमिनीवरही वस्तू डुगडुगत नाही, चार पायांत मात्र एखादा अधांतरी राहतोच. तरीही उंच भट्टीला तीन पायांचा स्टँड करू नये. डुगडुग थांबते खरी, पण दोन पायांच्या मधल्या बाजूला ती लवकर कलंडते. उंच भट्टीला चार पाय आणि सपाट जमीनच हवी.

गच्चीवर ठेवायची असेल तर

अंगण नाही, म्हणून गच्ची. हरकत नाही, पण चार गोष्टी बघाव्या लागतील.

भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग २) लोकांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो भार धरला जातो. एका ग्रिलने चांगला आरसीसी स्लॅब कोसळत नाही. पण भट्टी, कोळशाची पोती, टेबल आणि भोवती जमलेली दहा-बारा माणसे हा सगळा भार एकाच कोपऱ्यात येतो. त्यामुळे भट्टी खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या वर येईल अशी ठेवावी, स्लॅबच्या मधोमध नको. छज्जा, बाहेर आलेली बाल्कनी, कौलारू किंवा पत्र्याचे छत यांवर अजिबात ठेवू नये. घर जुने असेल, स्लॅबला गळती किंवा भेगा असतील, तर आधी इंजिनिअरला दाखवावे.

दुसरे, वॉटरप्रूफिंग. गाड्याच्या छोट्या चाकाखाली सगळा भार एका बिंदूवर येतो, कोबा किंवा चायना मोझॅक फुटतो आणि पावसाळ्यात खालच्या खोलीत पाणी ठिबकते. प्रत्येक पायाखाली जाड फरशीचा किंवा लोखंडी प्लेटचा चौकोन द्यावा.

तिसरे, आसपास काय आहे ते बघा. प्लास्टिकची पाण्याची टाकी, पाइप, सोलरच्या वायरी, केबल, वाळत घातलेले कपडे, ताडपत्री. या सगळ्यांपासून भट्टी किमान ३ मीटर लांब हवी.

चौथे, कठडा. ज्या गच्चीला कठडा नाही, तिथे दावत नको. मग कबाब कितीही चांगले होवोत.

स्टँड कसा असावा?

कोल्हापूरला फौंड्री आणि वेल्डिंगचे कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही. उद्यमनगरात माप नेऊन दिले की स्टँड होतो. कारागिराला एवढे सांगावे :

– पाया भट्टीच्या पोटापेक्षा रुंद, शक्यतो ८० ते ९० सेंमी. पाय खाली बाहेर फाकलेले असावेत.
– ४० मिमीचा लोखंडी अँगल, आणि पायांना तिरके आधार. तिरका आधार नसेल तर स्टँड झुलतो.
– पायांना खाली १० सेंमी चौरस प्लेट. चाके हवीच असतील तर मोठी आणि चारही ब्रेकवाली. भट्टी ठरल्या जागी आली की ब्रेक लावायचे, तेही विस्तव घालण्याआधी.
– उंची कमी. काम करणाऱ्याला थोडे वाकावे लागले तरी चालेल, वजन खाली राहते.

लाकडी टेबलात भट्टी बसवायची हौस अनेकांना असते. सिरॅमिकचे बूड तासन्‌तास तापलेले राहते, त्यामुळे ते लाकडाला थेट टेकता कामा नये. काँक्रीटच्या ओट्यावर ठेवतानाही खाली फायर ब्रिक आणि भट्टीचे पाय देऊन हवेसाठी जागा सोडावी. नुसत्या सिमेंटवर गरम बूड टेकले तर सिमेंटचा थर तडकतो. फायर ब्रिक म्हणजे फौंड्रीच्या भट्टीत वापरतात ती वीट, आपल्याकडे ती मिळते.

हलवताना

आमची चूक इथेच झाली होती, म्हणून ठळकपणे सांगतो. पेटलेली भट्टी हलवायची नाही. धूर येत असेल तर माणसे हलवा, खुर्च्या हलवा, भट्टी नाही.

थंड भट्टी हलवतानाही वरून ढकलू नये. ढकलताना चाक अडकले की वरचा भाग पुढे जातो आणि खालचा तिथेच राहतो. झाकण बंद करून, स्टँडला खाली धरून, हळू ओढावे. एकाने ओढावे, दुसऱ्याने बाजूने आधार द्यावा. उचलायची असेल तर आधी आतली जाळी, कोळशाचे भांडे, कडे काढून घ्यावे, त्याने बरेच वजन कमी होते. हँडल किंवा बाजूच्या फळ्या धरून उचलू नये, त्या वजन पेलण्यासाठी नसतात. दोघांनी बुडाला हात घालून उचलावे.

झाकण धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे नट तापून-थंड होऊन सैल पडतात. पहिल्या काही वापरांनंतर आणि मग दर ईदच्या आधी ते पान्याने आवळावेत. सैल पट्टीतून अख्खे झाकण निसटून खाली येऊ शकते.

वळीव आणि पावसाळा

२०२५ मध्ये बकरी ईद ७ जूनला झाली. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने पुढची काही वर्षे ही ईद मे महिन्यात येत राहील. कोल्हापुरात मे म्हणजे वळवाचे दिवस. दुपारपर्यंत कडक ऊन, संध्याकाळी आभाळ भरून येते, आणि पावसाआधी वावटळ सुटते. तलावाकडच्या मोकळ्या भागात वारा अडवायला काही नसते. नेमकी तीच वेळ कबाबची.

वारा सुटला तर आधी झाकण बंद करा, मग खालची आणि वरची हवेची तोंडे बंद करा. ठिणग्या उडणे थांबते. तंदूर असेल तर तोंडावर लोखंडी झाकण ठेवा. ताडपत्री गरम भट्टीवर टाकू नका. पाऊस आला म्हणून भट्टी पोर्चमध्ये, जिन्याखाली किंवा खोलीत घेऊ नका. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. बंद जागेत माणूस झोप आल्यासारखा बेशुद्ध पडतो, आणि निखारे विझत आले असले तरी हा वायू निघतच असतो.

पावसाळ्यात भट्टी कोरडी करून, झाकून ठेवावी. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला आणि मातीच्या तंदूरला ओल धरते. ओली भट्टी एकदम मोठ्या विस्तवावर तापवली तर तडे जातात. चार महिन्यांनी वापरायला काढताना आधी मूठभर कोळशाचा मंद विस्तव करून ती सुकवून घ्यावी. बिजागरी आणि नटांना तेलाचा हात द्यावा.

विस्तव पेटल्यावर

– रॉकेल, पेट्रोल, थिनर टाकून पेटवू नये. विझत आलेल्या निखाऱ्यांवर तर कधीच नाही.
– झाकण एकदम उघडू नये. आतला विस्तव हवेसाठी आसुसलेला असतो. झाकण एकदम उघडले की ज्वाळा तोंडावर येते. आधी दोन-तीन बोटे उचलून काही सेकंद थांबावे, मग पूर्ण उघडावे.
– ओढणी, बुरख्याची बाही, कुर्त्याची लांब अस्तनी आवरून घ्यावी. नायलॉनचे कापड पेटत नाही तोवर वितळून अंगाला चिकटते, म्हणून भट्टीजवळ सुती कपडे बरे.
– भट्टीभोवती १ मीटरची रेघ खडूने किंवा चुन्याने आखावी. 'या रेघेच्या आत मुले नाहीत' एवढा एकच नियम घरात करावा. मुलांना रेघ समजते, 'लांब राहा' समजत नाही.
– एक जबाबदार माणूस सतत भट्टीपाशी हवा. त्याला नमाजला जायचे असेल तर दुसऱ्याला उभे करून जावे.
– वाळूची एक बादली आणि पाण्याची एक बादली जवळ हवी. चरबी पेटली तर तिच्यावर पाणी टाकू नये, झाकण बंद करावे.

धुराची दिशाही बघावी. शेजारच्यांचे कपडे वाळत असतील, घरात कुणी दम्याचे किंवा म्हातारे असेल, तर आधी सांगून ठेवावे. कालवणात पाणी थोडे वाढवा पण शेजाऱ्याला द्या, अशा अर्थाची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. त्या शेजाऱ्याला नुसता धूर पाठवणे बरे दिसत नाही.

विझवणे आणि राख

जेवणे झाली की सगळे थकलेले असतात, आणि भट्टी तशीच राहते. सिरॅमिक भट्टीत पाणी ओतायचे नाही, ती तडकते आणि वाफेने हात भाजतो. दोन्ही तोंडे बंद करा, हवा संपली की निखारे आपोआप विझतात. पण बाहेरची भिंत त्यानंतरही काही तास गरम राहते. रात्री अंधारात मूल तिला हात लावू शकते, म्हणून आखलेली रेघ सकाळपर्यंत पाळावी.

राख दुसऱ्या दिवशी काढावी, आणि झाकण असलेल्या लोखंडी डब्यात आणखी एक-दोन दिवस ठेवावी. राखेखाली निखारा जिवंत असतो. प्लास्टिकच्या बादलीत, उकिरड्यावर किंवा घंटागाडीत गरम राख टाकू नये.

भाजलेच तर

भाजलेल्या जागेवर लगेच नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे धरावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप, शाई काही लावू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात न्यावे. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर घरी थांबूच नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१, आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक भट्टीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

शेवटी

सहीह बुखारीत एक हदीस आहे. मदिनेत एका रात्री एक घर जळाले. ती बातमी कळली तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की ही आग तुमची शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवत जा. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या सांगण्यात आमच्या इतक्या लांब लेखाचा निम्मा भाग येऊन गेला. उरलेला निम्मा भाग जमीन, पाया आणि चाकांचा, तो आपण आपल्या हाताने करायचा आहे.

पुढच्या ईदला विस्तव घालण्याआधी एवढेच करा. भट्टी रिकामी आणि थंड असताना झाकण पूर्ण उघडा, आणि कडेला हात ठेवून बेताने रेलून बघा, मागे एका माणसाला सांभाळायला उभे करून. जरा जरी पाय उचलला, तरी त्या दिवशी कबाब तव्यावर करा. चव थोडी कमी येईल. मुलांच्या चपला मात्र जागेवर राहतील, आणि मुलेही.